भानावर ये म्हणजे नक्की कुठे ये?

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की राग आला की कोणावर आलाय हे बघायच्या आधी अंगात कुठे आलाय ते बघा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यातच जाणार आहे. पाच पत्रं घेतलीयेत, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. आणि एका शब्दाबद्दल सांगते, माइंडफुलनेसला, म्हणजे आत्ता मनात-अंगात काय चाललंय याकडे लक्ष देण्याला, हल्ली सजगता म्हणतात, शब्द चांगला आहे पण मला तो सरकारी परिपत्रकातला वाटतो. मी भान म्हणते. आपल्या आया 'अगं भानावर ये' म्हणायच्या ना, तेच ते.

प्रश्न: मॅडम, मी ४१ वर्षांची आहे, धायरीला राहते, ऑफिस कॅम्पात. जायला यायला टू-व्हीलर, संध्याकाळी सिंहगड रोडला लागलं की सव्वा तास कुठे गेला नाही. घरी यावं तर मुलाची (सातवीत आहे) वही उघडलेलीसुद्धा नसते आणि मग मी अशी काही ओरडते की परवा शेजारच्या काकू बेल वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. रात्री तो झोपला की त्याच्या डोक्यावरून हात फिरवत मीच रडते. बहिणीने सांगितलं म्हणून मेडिटेशनचं ॲप घेतलं, साडेदहाला भांडी आवरून झाली की पंधरा मिनिटं बसते, पण बसलं की उलट जास्तच चिडचिड होते, त्यातल्या बाईचा गोड गोड आवाज ऐकून फोन फेकून द्यावासा वाटतो. माझ्यातच काही दोष आहे का?

उत्तर: दोष कसला अहो, त्या आवाजाने मलाही फोन फेकावासा वाटतो.

आधी 'उलट जास्त होते' हे बघू. घरातला फ्रीज दिवसभर घुर्र करत असतो, आपल्याला ऐकू येत नाही, रात्री टीव्ही बंद झाला, मिक्सर बंद झाला, सगळे झोपले की मग कळतं केवढा आवाज करतोय हा. तो आवाज काही तेव्हा सुरू झालेला नसतो. तुम्ही दिवसात पहिल्यांदा काही न करता बसता ते रात्री साडेदहाला, मग दिवसभराचं साचलेलं सगळं ऐकू येणारच की. त्यात ॲपने सांगून ठेवलंय की बसलात की शांत वाटेल, आणि तसं वाटत नाही म्हणून तुम्ही स्वतःवर चिडता, म्हणजे मूळ चिडचिड होतीच, आता चिडचिड होतेय याचीही चिडचिड.

हा सगळा प्रकार दवाखान्यात कसा आला ते थोडक्यात सांगते, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जॉन कबात-झिन यांनी याच भानाचा एक कोर्स सुरू केला, तोच पुढे आठ आठवड्यांचा म्हणून जगभर गेला. त्यांच्याकडे सुरुवातीला यायचे ते बरेचसे जुनाट दुखण्याचे पेशंट, कंबर, मान, डोकं, औषधं करून थकलेले. म्हणजे दुखणं पूर्ण जाईलच असं नाही हे धरूनच तिथे सुरुवात व्हायची, आणि मग त्या दुखण्याच्या वर आपण जी आदळआपट करतो, हे मलाच का, हे कधी थांबणार, ती कमी करता येते का ते बघायचं. आता तीच गोष्ट ॲपमध्ये गेली आणि तिचं झालं 'दहा मिनिटांत मनःशांती'. जी गोष्ट त्रासाबरोबर बसायला शिकवते ती त्रास घालवायची गोळी म्हणून विकली की असंच होणार, गोळी लागू पडली नाही म्हणून माणूस स्वतःलाच नापास करतो.

आता तुमचा राग. तळपायाची आग मस्तकात गेली असं आपण म्हणतो, नुसती म्हण म्हणून सोडून देऊ नका, तो चक्क नकाशा आहे. आग मस्तकात पोचली की ओरडणं होतंच, तिथे काही करता येत नाही, करायचं ते खाली असतानाच. मग ती तळपायाला कधी लागते? मला नाही वाटत वही बघून लागते. तुमच्या पत्रात मला वहीपेक्षा सव्वा तास जास्त दिसला. दांडेकर पुलापासून पुढे खांदे कानापर्यंत चढलेले असतात, दात आवळलेले, क्लचवरचा किंवा ब्रेकवरचा हात घट्ट, मागचा उगाच हॉर्न मारतोय. शरीर तासभर भांडणाच्या तयारीत आणि भांडायला कोणीच नाही. घरी गेल्यावर वही सापडते.

म्हणून साडेदहाचं बंद करा, खरंच करा, त्या वेळी झोपा. त्याऐवजी पार्किंगमध्ये गाडी स्टँडला लावलीत की दोन मिनिटं तिथेच. हेल्मेट काढा, दात सोडा (आवळलेले होते हे तेव्हा कळेल), खांदे कुठे आहेत बघा. सहा-सात श्वास, घेताना नेहमीसारखा आणि सोडताना जरा लांबवून. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे व्हेगस नावाच्या नसेचं काम आहे, सगळ्यांच्यात होतं, त्याला श्रद्धा लागत नाही. वॉचमन बघत असेल तर फोन हातात धरा, आजकाल फोनकडे बघत उभ्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

मग त्या दोन मिनिटांत एकच शब्द शोधायचा, आत्ता जे होतंय त्याला काय म्हणू. 'टेन्शन' चालणार नाही, टेन्शन म्हणजे आपण सगळं कोंबायची पिशवी करून ठेवलीये. वैताग आहे का, थकवा आहे का, साहेबांनी चारचौघांत बोललं त्याचा अपमान आहे, का मुलाचं पुढे कसं होणार याची धास्ती आहे? मराठीत यासाठी भरपूर शब्द आहेत, घालमेल वेगळी, तगमग वेगळी, रुखरुख वेगळी, हुरहुर तर अजूनच वेगळी. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले होते. ज्या वेळी लोक त्या चेहऱ्यावरच्या भावनेला साजेसा शब्द निवडत होते त्या वेळी मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डाला, कमी पेटत होता, आणि त्याच चेहऱ्याला नुसतं बाईचं किंवा बुवाचं नाव निवडायला सांगितलं तेव्हा तसं होत नव्हतं. म्हणजे भावनेला बरोबर शब्द मिळाला की ती जरा खाली बसते. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये मी पाहिलंय, 'मला राग येतो' म्हणणारी बाई तिसऱ्या-चौथ्या भेटीत म्हणते, राग नाही हो, मला भीती वाटते, आणि तिथून पुढचं बोलणंच बदलतं. तुमचंही तसंच असेल असं नाही. पण बघा.

हे सगळं करूनही तुम्ही ओरडणार आहात, आठवड्यातून पाचदा ओरडत असाल तर तीनदा ओरडाल. ओरडून झालं की तो झोपायची वाट न बघता, जागा असताना जाऊन सांगा की मी ओरडले, चुकलं माझं. तिथे थांबा. 'पण तू पण अभ्यास करत नाहीस' हे जोडलंत तर सगळं पाण्यात.

आणि एक, विचारलं नाहीत तरी बोलते. पत्रात भांडी तुम्ही आवरता, वही तुम्ही बघता, नवरा कुठेच दिसला नाही. घरातलं काम एका माणसाच्या अंगावर असेल तर त्या माणसाने श्वास मोजून ते सोसायला शिकावं यासाठी भान नसतं. वाटणीचं भांडण शांत डोक्याने करा, पण करा.

प्रश्न: २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आम्ही अरण्येश्वर भागात तळमजल्यावर राहायचो. पाणी कमरेपर्यंत आलं, आईला पाठीवर घेऊन जिना चढलो. सगळे वाचलो, आता घरही बदललंय. पण रात्री जोराचा पाऊस आला की मी उठून गॅलरीत जाऊन खाली बघत बसतो. बायकोच्या आग्रहाने योगाच्या क्लासला गेलो, तिथे शवासनात डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हणाले आणि मला पाण्याचा आवाजच ऐकू यायला लागला, दरदरून घाम फुटला, उठून बाहेर आलो. सर म्हणाले तिथेच थांबायला हवं होतं, पळालात म्हणून भीती जिंकली. खरं आहे का?

उत्तर: नाही. तुम्ही बाहेर आलात ते बरोबर केलंत.

ज्यांच्या जिवावर बेतलेलं असतं त्यांच्यासाठी डोळे मिटून आत बघणं कधीकधी सरळ त्या रात्रीत नेऊन सोडतं, कारण आतमध्ये ती रात्र अजून संपलेली नसते. तुमच्यासारख्याला 'थांबा, बघत राहा' हा सल्ला देणारे सर वाईट नसतील, पण हा सल्ला सगळ्यांना सारखा नाही एवढं त्यांना कोणीतरी सांगायला हवं. औषधाला डोस असतो तसा यालाही आहे.

तुम्ही उलटं करा, डोळे उघडे आणि लक्ष बाहेर. पाऊस सुरू झाला आणि धडधड व्हायला लागली की पाय जमिनीला लावा, फरशी गार आहे का, कोरडी आहे का. कोरडी आहे हे मोठ्याने म्हणा. खोलीतल्या चार वस्तू नाव घेऊन बघा, कपाट, कॅलेंडर, आईची काठी, पाण्याचा माठ. आज तारीख काय, आपण कितव्या मजल्यावर आहोत, हेही बोला. वेडेपणा वाटेल, वाटू दे. शरीराला सांगायचंय की हा पाऊस आजचा आहे. भान म्हणजे हेच, आत बघायलाच पाहिजे असा काही नियम नाही. गॅलरीत जाऊन एकदा खाली बघून आलात तरी हरकत नाही, फक्त बघितल्यावर 'बघितलं, रस्ता दिसतोय' असं म्हणून आत या, रात्रभर पहारा नको.

पण एवढ्या वर्षांनंतरही अंग असं पेटत असेल तर घरगुती उपाय पुरे नाहीत. आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ पुण्यात आहेत, त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. यंदाच्या पावसाळ्याची वाट बघू नका.

प्रश्न: डिप्रेशनची गोळी दीड वर्ष चालू आहे. आता रोज वीस मिनिटं ध्यान करते, खूप बरं वाटतंय. गोळी बंद करू का? नेटवर वाचलं की ध्यान गोळीइतकंच काम करतं.

उत्तर: स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. बरं वाटतंय त्यात गोळीचा वाटा किती आणि ध्यानाचा किती हे तुम्हाला किंवा मला घरबसल्या कळणार नाही. एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, बेचैनी असलं काहीही होऊ शकतं, कमी करायची झालीच तर डॉक्टरच हळूहळू करतात.

तुम्ही वाचलंत ते बहुतेक २०२२ चं अमेरिकेतलं संशोधन असणार, त्यात २७६ माणसं होती, अर्ध्यांना कबात-झिन यांचा तो आठ आठवड्यांचा कोर्स आणि अर्ध्यांना एस्सिटालोप्राम ही गोळी, आणि शेवटी दोन्हीकडे त्रास साधारण सारखाच कमी झाला. पण ती माणसं अँक्झायटीची होती, डिप्रेशनची नव्हे, आणि चालू गोळी बंद करून ध्यान सुरू केलं तर काय होतं हे त्यात तपासलेलंच नाही. डिप्रेशनसाठी वेगळा कोर्स आहे, सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी बसवलेला, तो मुख्यतः ज्यांना डिप्रेशन पुन्हा पुन्हा येतं त्यांनी बरं असताना शिकायचा, म्हणजे मन घसरायला लागलं की लवकर कळतं. तुम्ही आत्ता बऱ्या आहात तर ध्यान चालू ठेवा, गोळीही चालू ठेवा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन्ही सांगा.

प्रश्न: मॅडम, मी २६ वर्षांचा, गाव लातूर जिल्ह्यात, चार वर्षं झाली नवी पेठेत राहून एमपीएससी करतोय. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, यादीत नाव नाही. गेल्या महिन्यात रूममेट पीएसआय झाला. तो पेढे घेऊन आला, मिठी मारली मी त्याला, पेढा तोंडात घातला आणि घशाखाली उतरेना. रात्रभर झोपलो नाही, आपण इतके नीच आहोत का वाटत राहिलं. आता अभ्यासिकेत बसलो की पुस्तक समोर असतं आणि डोक्यात निकाल, घरचे पैसे, वय. विचार करायचा नाही असं ठरवतो तेवढे जास्त येतात. एका मित्राने सांगितलं दहा दिवसांची विपश्यना कर, डोकं रिकामं होतं. जाऊ का? दोन महिन्यांवर पूर्व आहे.

उत्तर: पेढ्यापासून सुरू करू मित्रा. त्याला मिठी मारलीस ना? खरी मारलीस ना? मग पेढा उतरला नाही तरी चालतं. जे झालं त्याला असूया म्हणतात, आणि बहुधा असूयेपेक्षाही जास्त ती 'मी मागे राहिलो' याची कळ आहे, दोन्ही घशातच बसतात. मनात काय यावं यावर तुझी सत्ता नाही, हातून काय व्हावं यावर आहे, आणि हातून तू मिठी मारलीस. नीच माणूस रात्रभर जागत नाही रे, तो झोपतो.

विचार करायचा नाही असं ठरवलं की जास्त येतात, हे तुझंच नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर, आता करा अस्वलाचा विचार, म्हटल्यावर ज्यांनी आधी दाबून धरला होता त्यांच्या डोक्यात तो इतरांपेक्षा जास्त आला. कारण सोपं आहे, अस्वल आलं का हे बघायला मनाचा एक कोपरा सतत अस्वलच शोधत असतो. तू चार वर्षं अभ्यासिकेत अस्वल हाकलतोयस.

तर हाकलू नकोस. विचार आला की त्याला नुसतं शीर्षक दे, वर्तमानपत्रात देतात तसं. 'निकाल.' 'बाबांचे पैसे.' 'वय.' पूर्ण बातमी वाचायची नाही, शीर्षक दिलं की बोट परत ज्या ओळीवर होतं त्या ओळीवर. तासाभरात चाळीसदा करावं लागेल, आणि चाळीसदा परत आलास म्हणजे तुला जमत नाहीये असं नाही, तो परत येण्याचाच व्यायाम आहे, जोर काढताना खाली गेलो म्हणून कोणी रडत नाही. आणि अभ्यासिकेतून मेसला चालत जातोस तेवढा रस्ता फोन खिशात ठेवून जा, पाय टेकतायत उचलतायत एवढंच. शास्त्री रोडला एवढ्या गाड्या असतात की ते लक्ष तसंही कामाला येईल.

विपश्यनेबद्दल. इगतपुरीचं केंद्र १९७६ पासून चालू आहे, सत्यनारायण गोएंकांनी ही पद्धत भारतात पुन्हा रुजवली, पुण्यातही केंद्र आहे. फी नसते, दानावर चालतं. पण 'डोकं रिकामं होतं' हे ज्याने सांगितलं त्याने तुला अर्धंच सांगितलंय. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, मौन, फोन नाही, वही-पुस्तक नाही, पहिले तीन दिवस नुसता श्वास आणि मग शरीरभर संवेदना बघत फिरायचं. डोकं रिकामं व्हायच्या आधी ते भरपूर भरतं, कारण दाबलेलं सगळं वर येतं. पूर्वपरीक्षा दोन महिन्यांवर असताना, झोप उडालेली असताना, मी तरी तुला नको म्हणेन. परीक्षा होऊ दे, मग जा, आणि फॉर्ममध्ये तब्येतीचे, मनाचे जे प्रश्न विचारतात त्याची खरी उत्तरं लिही.

आणखी दोन गोष्टी. हा अटेम्प्ट शेवटचा की अजून एक, हा निर्णय ध्यानातून उगवत नाही. तो एका रविवारी कागद घेऊन, किती पैसे, किती वय, दुसरं काय करता येईल, असा लिहून करायचा असतो, आणि शक्यतो त्या पीएसआय झालेल्या मित्राला समोर बसवून, तो या परीक्षेतून आत्ताच बाहेर आलाय. माझं मत विचारशील तर परीक्षेच्या आधीच ठरव. निकालाच्या दिवशी ठरवलेलं काहीही धड नसतं.

दुसरी गोष्ट सरळ विचारते, लाजू नकोस. हे सगळं संपवून टाकावं, जगूच नये, असं मनात येतं का? येत असेल तर आजच कोणालातरी सांग, मित्राला, घरी, नाहीतर वरच्या उत्तरात दिलाय त्या १४४१६ वर रात्री दोनलाही. येत नसेल तर उत्तम, तरी नंबर सेव्ह करून ठेव, रूमवर कोणालातरी लागेल.

प्रश्न: महोदया, मी ७१ वर्षांचा सेवानिवृत्त गृहस्थ, सदाशिव पेठेत वास्तव्य. आपले सदर नियमित वाचतो. सल्ले कसे असतात ते मी सांगू शकत नाही, मात्र आपण 'केलंय', 'झालंय' असे बोलल्यासारखे लिहिता ते खटकते. असो. आमच्या वेळी हे माइंडफुलनेस वगैरे नव्हते, लोक नामस्मरण करत आणि कामाला लागत. माझ्या पत्नीचे गेल्या चैत्रात निधन झाले. दुपारी चार वाजता मी चहा टाकतो, आणि अजूनही दोन कपांचेच आधण ठेवले जाते. आपण म्हणता भान ठेवा. मला तर विसरायचे आहे. यावर आपले काय म्हणणे?

उत्तर: काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि पहिल्या दोन वेळा हसले, तिसऱ्यांदा नाही.

तुम्हाला मी कोणताही व्यायाम देणार नाहीये. चार वाजता दोन कपांचं आधण ठेवलं जातं ही चूक नाही, इतक्या वर्षांच्या हातांना कोणी कळवलेलं नाही, हात डोक्यापेक्षा उशिरा शिकतात. तुम्ही विसरायचं म्हणता, मला वाटतं तुम्हाला बाईंना विसरायचं नाहीये, चार वाजताची ती कळ नको आहे. दोन्ही एकाच कपात आहेत ही अडचण आहे.

माझ्या वडिलांच्या नंतर आई वर्षभर त्यांचा चष्मा रोज पुसून जागेवर ठेवायची. मी तेव्हा नुकती शिकून आले होते, मी तिला चांगलं तासभर समजावलं की हे बरं नाही. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसला. आता वाटतं तिचं बरोबर होतं आणि मी गप्प बसायला हवं होतं. चष्मा पुसताना ती रडायचीही आणि पुसून झाला की उठून भाजी निवडायला बसायची. तेवढा वेळ ती त्यांच्याजवळ असायची, बाकीचा दिवस घरात.

तर चार वाजता दोन कपांचं झालं तर होऊ दे. लगेच मोरीत ओतू नका. बसा, पहिला घोट घ्या, घशात दाटून येईल, डोळे भरतील, घरात बघायला कोणी नाही. हे दाटून येणं लाटेसारखं असतं, वर चढतं तेव्हा वाटतं आता संपत नाही, पण चहा निवेपर्यंत बरेचदा उतरलेलं असतं. बघा, तुमच्या घड्याळात किती मिनिटं लागतात ते. तुम्ही हिशेब ठेवणारे वाटता म्हणून सांगतेय.

नामस्मरणाला माझी काही हरकत नाही, उलट आहे ती सवय मोडू नका. फक्त एवढंच बघा की नाम घेताना कळ जवळ येऊ देता की तिला बाहेर ठेवायला नाम घेता. दुसरं असेल तर कधीतरी चार ते सव्वाचार जपाला सुट्टी द्या.

दुसऱ्या कपाचं मात्र एक करता येईल. मजल्यावर कोणी असेल, जिन्यातले पेपरवाले असतील, खालचे किराणावाले असतील, आठवड्यातून एखाद्या दिवशी हाक मारा. रोज नको, रोज त्यांनाही नको असेल. पण झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, आठ-आठ दिवस कोणाशी बोलणं होत नसेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा, वयामुळे असेल म्हणून सोडू नका.

आणि ते 'केलंय', 'झालंय'. संपादकांनीही एकदा सांगितलं होतं, दोन अंक नीट लिहिलं, मग पुन्हा तेच. तुम्ही पुढच्या पत्रात तांबड्या पेनाने खुणा करून पाठवा, मी नक्की वाचेन. चहाचं काय झालं तेही त्यातच लिहा.